काट्यावर चढवण्याआधी ओळख पटवा

नागपूरच्या बाजारात गाडीचा जुना भाग आजवर दोनच रीतींनी विकला गेला आहे. नावावर, नाहीतर वजनावर. पद्मिनीचे हेड, ॲम्बेसेडरचा क्रँक, मारुतीचा गिअरबॉक्स असे नाव लागले की भागाला गिऱ्हाईक मिळते. नाव लागले नाही की तोच भाग नुसते बीड, ॲल्युमिनियम किंवा पोलाद होतो, काट्यावर चढतो आणि भट्टीकडे रवाना होतो. जुन्या गाड्या जमवणाऱ्या हौशी लोकांची संख्या वाढल्यापासून एक तिसरी रीतही रुजू पाहत आहे, आणि तीच आम्हांला अधिक काळजीची वाटते. ज्या भागाला नाव लागत नाही, तो ‘कंपनीचा टेस्टिंगचा माल’ म्हणून किंवा ‘प्रोटोटाइप’ म्हणून दहापट भावाने सांगायचा. विकणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, आणि व्यवहार मात्र हजारोंचा!

आमचे म्हणणे असे की या तिन्ही रीतींच्या आधी एक काम असते, ते म्हणजे ओळख पटवणे. ते काम आपल्या मिस्त्रींना आणि खरादवाल्यांना येते, पण त्याची कोणी मजुरी देत नाही. म्हणून ते होत नाही, आणि त्यापायी कधी लाखाची वस्तू किलोच्या भावाने वितळते, तर कधी किलोची वस्तू लाखाला खपवून दुकानाची पत जाते.

प्रोटोटाइप म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घ्यावे. कोणतीही कंपनी नवे इंजिन बाजारात आणण्याआधी त्याचे थोडे नमुने हाताने बनवते, चाचणीच्या बाकावर चालवते, मोडते, पुन्हा बनवते. इंजिन पसंत पडले तर महागडे साचे तयार होतात व लाखोंनी भाग निघू लागतात. मग नमुन्यांची किंमत उरत नाही. परंतु प्रकल्पच रद्द झाला तर जगात तेवढेच नमुने उरतात, आणि तेही कंपनी बहुधा राहू देत नाही. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने १९६३-६४ मध्ये टर्बाइन इंजिनाच्या ५५ मोटारी बनवल्या, त्यांपैकी ५० सामान्य कुटुंबांना वापरून पाहण्यासाठी दिल्या आणि शेवटी ४६ मोटारी नष्ट केल्या. नऊच राहिल्या. जनरल मोटर्सने १९७० मध्ये वांकेल जातीच्या फिरत्या इंजिनाचा परवाना घेतला, त्यावर चार वर्षे घालवली आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये ते काम गुंडाळले. दुसऱ्या एका कंपनीने, अमेरिकन मोटर्सने, याच इंजिनाच्या भरवशावर आपली पेसर नावाची गाडी आखली होती. तिला शेवटी आपले जुनेच सहा सिलिंडरचे इंजिन त्यात कोंबावे लागले. अशा कामातून सुटलेला एखादा भाग कुठल्या तरी शेडमध्ये पडलेला निघतो तेव्हा तो ओळखणे हे मोठ्या जाणकाराचे काम असते.

हे सारे अमेरिकेचे झाले, नागपुरात कुठून येणार असला माल, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपला नकाशा पाहावा. उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा आणि मुंबईकडून कोलकात्याच्या दिशेने जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्या शहरापाशी मिळतात. वर जबलपूरला लष्करी गाड्यांचा कारखाना आहे, भंडाऱ्याजवळ अशोक लेलँडचा कारखाना आहे, हिंगण्याला महिंद्रचे ट्रॅक्टर बनतात. पुण्याला १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, जिथे बाजारात येण्याआधी गाड्या तपासल्या जातात. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. एवढ्या ठिकाणांचा निकामी माल लिलावाने निघतो, हात बदलत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला त्याचे मूळ कोणी विचारत नाही. भंगाराच्या धंद्यात माल कुठून कुठे जाईल याला नेम नसतो, हे इतवारीच्या लोहा ओळीत बसणाऱ्यांना आम्ही सांगावे असे नाही.

आणि रद्द झालेले प्रकल्प आपल्याकडेही थोडे नाहीत. सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी छोटी मोटार बनवण्याचा ध्यास घेतला. १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन आसनी गाडी तयार झाली. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ते सुधारणा करत राहिले. ‘मीरा’ या नावाची ही गाडी १९७० च्या सुमारास ज्या रूपाला आली, त्यात मागच्या बाजूला व्ही आकाराचे दोन सिलिंडरचे, सुमारे १४ अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि ती साधारण १२ हजार रुपयांत देता येईल असा हिशेब होता. परवान्यांच्या त्या जमान्यात गाडी बाजारात आलीच नाही. त्याच काळात दिल्लीत गुलाबी बागेतल्या एका वर्कशॉपमध्ये संजय गांधींच्या छोट्या मोटारीचे काम सुरू झाले होते. १९७१ मध्ये मारुती लिमिटेड कंपनी निघाली, पण लोकांच्या दारी गाडी पोहोचण्याआधी ती बुडाली. डिसेंबर १९८३ मध्ये जी मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचे इंजिन सुझुकीचे होते. अलीकडचे पाहायचे तर टाटांनी २००७ मध्ये एका युरोपीय कंपनीशी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनासाठी करार केला, आणि नॅनोला डिझेल इंजिन बसवण्यावरही काम केले. दोन्ही गोष्टी विक्रीला आल्या नाहीत. त्या कामातला एखादा भाग उद्या कुठे निघेल तर नवल नाही.

तरीही आम्ही आपल्या बांधवांना सांगू की हाती आलेला अनोळखी भाग आधी साधाच समजावा. शंभरातले नव्याण्णव भाग अनोळखी वाटतात ते दुर्मिळ म्हणून नव्हे, तर आपण ती गाडी उघडलेली नसते म्हणून. याची चांगली उदाहरणे आपल्याच देशात आहेत. प्रीमियरची ११८ एनई ही गाडी १९८५ मध्ये आली. तिचे अंग फियाट १२४ चे आणि इंजिन निस्सानचे. फियाटच्या गाडीत निस्सानचे आकडे असलेला ब्लॉक सापडला म्हणून कोणी तो प्रायोगिक ठरवला तर तो हसे करून घेईल, कारण ‘एनई’ म्हणजेच निस्सान इंजिन! बंगलोरची सिपानी डॉल्फिन आठवते का? फायबरच्या अंगाच्या त्या गाडीचे ८४८ सीसीचे इंजिन ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचे होते, इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या रचनेचे. आपल्याकडे बिडाचा ब्लॉक पाहण्याची सवय असलेल्या माणसाला तो हमखास परदेशी नमुना वाटेल. कल्याणला १९९० च्या दशकात जुळणी झालेली प्यूजो ३०९ लवकरच बंद पडली, तिचे भाग आज पोरके झाले आहेत. पोरका भाग आणि प्रोटोटाइप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पोरक्या भागाला ती गाडी चालवणारा गिऱ्हाईक मिळू शकतो. प्रोटोटाइप कुठल्याच गाडीला बसत नाही.

सर्वांत मोठा चकवा मात्र आपल्याच घरचा आहे. पेट्रोलच्या ॲम्बेसेडरमध्ये, जीपमध्ये, मेटॅडोरमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवण्याचे काम आपल्या उस्तादांनी वर्षानुवर्षे केले. त्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधली प्लेट जाड पोलादातून खरादावर काढली, मॅनिफोल्ड वेल्डिंगने जोडले, पंपाचे ब्रॅकेट पट्टी कापून बनवले, आणि जोडी चुकू नये म्हणून हाताने पंच ठोकून आकडे घातले. कंपनीच्या प्रयोगशाळेतला नमुना भाग अगदी असाच दिसतो! हाताचे आकडे, खरादाच्या रेघा, वेल्डिंगची दुरुस्ती, सगळे तेच. म्हणून असा भाग हाती आला की पहिला प्रश्न हा विचारावा की हा आपल्याच कोणा मिस्त्रीच्या हातचा तर नाही? तसा निघाला तर त्यात कमीपणा नाही. आमच्या मते त्या हुनराचीही नोंद व्हायला हवी, पण तो विषय आज नको.

आता ओळख पटवायची कशी? सुरुवात मोजमापाने करावी, कारण आकडा खोटे बोलत नाही. व्हर्नियरने बोअर मोजा, क्रँक हाती असेल तर स्ट्रोक मोजा. बोअरला बोअरने गुणा, मग स्ट्रोकने, मग ०.७८५४ ने, मग सिलिंडरच्या संख्येने, आणि मिलिमीटरमध्ये मोजले असेल तर शेवटी हजाराने भागा. पद्मिनीचा बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५, चार सिलिंडर. उत्तर १०८९ सीसी. मारुती ८०० चा बोअर ६८.५, स्ट्रोक ७२, तीन सिलिंडर; उत्तर ७९६. ११८ एनईच्या निस्सान इंजिनाचे ७३ आणि ७०, उत्तर ११७१. नॅनोचे बोअर व स्ट्रोक दोन्ही ७३.५, सिलिंडर दोन, म्हणजे ६२४ च्या जवळ. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे माप मिलिमीटरमध्ये वेडेवाकडे येते, ७३.०२५ आणि ८८.९; इंचात मोजले तर तेच पावणेतीन इंचांवर एक अष्टमांश आणि साडेतीन इंच असे सरळ निघते. यातून आणखी एक गोष्ट कळते. ज्या मापाच्या पद्धतीत आकडा सरळ येतो, त्या पद्धतीच्या देशात त्या इंजिनाचा जन्म झालेला असतो. आटे, म्हणजे आपल्या कारागिरांच्या बोलीतली चुडी, तीही गेजने पाहावी. मिलिमीटरचे आटे, अमेरिकन-इंग्लिश इंची आटे आणि जुने व्हिटवर्थ आटे हे आपल्या फिटरला डोळे मिटून कळतात. बोअर रिबोअर झालेला असू शकतो, हे विसरू नये. म्हणून दोन सिलिंडरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतरही लिहून ठेवावे, कारण ते कितीही रिबोअर केले तरी बदलत नाही.

माप कुठल्याही माहितीच्या इंजिनाशी जुळले नाही, तरच पुढे जायचे. मग भागाचे अंग पाहावे. लाखोंनी निघणारे ॲल्युमिनियमचे भाग बहुधा पोलादी साच्यात दाबाने ओतलेले असतात. त्यांचे अंग गुळगुळीत असते, साच्याच्या दोन फाळ्यांची रेघ दिसते आणि भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे दिसतात. नमुन्यासाठी कोणी पोलादी साचा बनवत नाही, वाळूत ओततात. त्यामुळे अंग खरखरीत राहते, भिंतींची जाडी कमीजास्त असते. काही वेळा ओतकामच नसते, अख्ख्या ठोकळ्यातून भाग कोरलेला असतो आणि कटरच्या रेघा आतल्या कोपऱ्यातही दिसतात. परंतु वाळूचे ओतकाम हा पुरावा नव्हे. बिडाचे ब्लॉक तर सगळेच वाळूत ओतले जातात, आणि थोडा माल काढणारे छोटे कारखाने ॲल्युमिनियमही वाळूतच ओततात. तसेच भोक न पाडलेली उंचवट्याची जागा दिसली की लोकांना काही गूढ सापडल्यासारखे वाटते. एकच ओतीव भाग तीन-चार मॉडेलांना चालावा म्हणून कंपन्या अशा जागा मुद्दाम ठेवतात, त्यात गूढ काही नाही.

आकड्यांविषयी सांगायचे तर, ओतकामातच उठून आलेला आकडा आणि पंचाने ठोकलेला आकडा यांत फरक करावा. ओतीव आकडा साच्याचा असतो, तयार भागाचा क्रमांक वेगळा असू शकतो, आणि या दोहोंची गल्लत करून पुष्कळ जण फसतात. काही कंपन्यांची प्रायोगिक भागांना वेगळी अक्षरे लावण्याची पद्धत आहे. फोर्डमध्ये ‘एक्सई’ ने सुरू होणारा क्रमांक असा असतो. पण ‘एक्स’ अक्षर दिसले म्हणून उडी मारू नये. ज्या कंपनीचा भाग, तिचीच पद्धत लागू.

आमच्या मते सर्वांत भरवशाची खूण वेगळीच आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. चाचणीच्या बाकावर चाललेल्या इंजिनाला मोजमापाची यंत्रे लावलेली असतात. हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पातळ जागेत तापमान मोजण्याच्या तारेसाठी दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडतात. प्लगच्या शेजारी दाब मोजण्यासाठी आणखी एक आटे पाडलेले भोक असते, जे रस्त्यावरच्या गाडीत असण्याचे कारणच नाही. कनेक्टिंग रॉडवर किंवा मॅनिफोल्डवर घासून चकचकीत केलेल्या छोट्या चौकोनात डिंकासारखा थर व बारीक तारांचे अवशेष सापडतात. तिथे ताण मोजण्याची पट्टी चिकटवलेली होती. अशी भोके नंतर बुजवलेलीही असतात. दुरुस्ती करणारा मिस्त्री असली भोके कधीच पाडणार नाही, कारण त्याला इंजिन चालवायचे असते, मोजायचे नसते. ही खूण दिसली तर भागाला लगेच हात लावणे थांबवावे व नीट छायाचित्रे काढावीत. अर्थात यावरून भाग चाचणीतला आहे एवढेच ठरते. बाजारात आलेल्या इंजिनांच्याही चाचण्या होतातच.

धातूची परीक्षा घरच्या घरी होते. भाग तोलावा, मग दोरीने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा तोलावा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. कोरड्या वजनाला, पाण्यात जितके वजन कमी भरले त्याने भागावे. ३ किलो ६०० ग्रॅमचा भाग पाण्यात सुमारे १ किलो ३३० ग्रॅम हलका झाला, तर उत्तर २.७, म्हणजे ॲल्युमिनियम. दोन किलो हलका झाला तर उत्तर १.८, म्हणजे मॅग्नेशियमची मिश्रधातू. साडेचारच्या आसपास आले आणि चुंबक चिकटला नाही तर टायटॅनियम, आणि सातच्या थोडे वर आले तर बीड. नेमके मिश्रण हवे असेल तर स्पेक्ट्रोची तपासणी करून घ्यावी. शहरात व्हीएनआयटीसारख्या संस्थेत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आपल्या शिकलेल्या मुलांनी तिथल्या माणसांशी ओळखी वाढवल्या पाहिजेत.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो, कारण तिचा संबंध पैशाशी नसून जिवाशी आहे. अनोळखी हलका भाग ग्राइंडरवर धरू नका. मॅग्नेशियमचा कीस पेटतो, आणि पेटल्यावर त्यावर पाणी टाकले तर आग अधिक भडकते; कोरडी वाळू टाकावी लागते. दुसरे असे की काही जड कामाच्या, विमानाच्या व टर्बो इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा पोकळ असून त्यात सोडियम भरलेले असते. असा व्हॉल्व्ह कापला आणि आत पाण्याचा थेंब गेला तरी भडका उडतो. नेहमीपेक्षा जाड दांड्याचा व्हॉल्व्ह दिसला तर तो कापूही नये आणि भट्टीतही टाकू नये. भंगाराच्या शेडमध्ये काम करणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

आता पुन्हा ‘मीरा’कडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. समजा उद्या कोल्हापूरकडच्या मालात दोन सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनाचा एखादा भाग निघाला. त्यावर कंपनीचे नाव असण्याची शक्यता कमी, भागांचे छापील पुस्तक नाही, आणि हाताने केलेले काम तर मिस्त्रीच्या कामासारखेच दिसणार. वर सांगितलेल्या कोणत्याही परीक्षेने तो ‘मीरा’चा आहे हे सिद्ध होत नाही, फार तर दुसऱ्या कशाचा नाही एवढे सिद्ध होते. दोन सिलिंडरमधला कोन मोजून आधी मोटारसायकलींच्या व्ही इंजिनांशी ताडून पाहावे लागेल, कारण तीच शक्यता जास्त. मग गाडीची जी छायाचित्रे छापून आली आहेत त्यांच्याशी, आणि ज्या लोकांनी ते इंजिन पाहिले त्यांच्या आठवणींशी मेळ घालावा लागेल. इथे भागापेक्षा त्याचा प्रवास महत्त्वाचा ठरतो. तो कुठल्या शेडमधून निघाला, कोणी विकला, त्याच्यासोबत आणखी काय होते? आपल्या धंद्यात नेमके हेच पुसले जाते. दहा गोण्यांचा माल एका ढिगात ओतला की त्या भागाचा कुळाचार संपला. म्हणून आमची विनंती अशी की अनोळखी भाग निघाला तर त्याच्या गोणीतला उरलेला मालही आठवडाभर वेगळा ठेवावा. सोबतचा एखादा क्षुल्लक बोल्ट, कागदाचा तुकडा, तारेने बांधलेली पत्र्याची चिठ्ठी, यांनीच पुष्कळदा मूळ सापडते.

प्रवासाची नोंद आणखी एका कारणासाठी हवी. चाचणीचा भाग सहसा विकण्यासाठी नसतो. तो कंपनीची किंवा सरकारची मालमत्ता असतो. तो लिलावातून रीतसर बाहेर पडला असेल तर काही प्रश्न नाही, पण मागच्या दाराने निघाला असेल तर घेणारा अडकतो. जुन्या दंडसंहितेचे ४११ वे कलम भंगारवाल्यांना चांगले परिचित होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१७ व्या कलमात आले आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मानण्यास कारण’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. ज्या दुकानदाराने स्वतःच्या तोंडाने ‘हा कंपनीचा गुप्त टेस्टिंगचा माल आहे’ असे गिऱ्हाइकाला सांगितले, त्याने ते कारण आपल्याच हाताने लिहून दिले! बिल नाही, लिलावाची पावती नाही, आणि वर अशी बढाई, तर पोलिसांसमोर काय सांगणार? लष्करी संशोधनातला वाटणारा माल तर कागदाशिवाय दारातही उतरवू नये. आणि मालावरचे आकडे घासून काढण्याची जी वाईट खोड काहींना आहे, ती तर दुहेरी नुकसान करते. ओळखही जाते आणि संशयही वाढतो.

राहिला प्रश्न किमतीचा. खऱ्या प्रोटोटाइपलाही बाजारभाव नसतो. त्याचे गिऱ्हाईक जगात दोन-चार. एखादा संग्राहक, एखादे संग्रहालय, कदाचित ती कंपनीच. हरियाणात तावडूला वाहतुकीचे मोठे संग्रहालय आहे, कोइमतूरला जीडी यांच्या नावाचे मोटारींचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी आधी कागद विचारतात, मग वस्तू पाहतात. पुराव्यासह आलेल्या भागाला मान मिळतो, कधी चांगले पैसेही मिळतात. पुराव्याविना आलेला भाग कितीही खरा असला तरी तो कुतूहलाची वस्तू एवढीच त्याची किंमत. म्हणून विकताना जे माहीत आहे तेवढेच लिहून द्यावे. ‘वाळूत ओतलेले ॲल्युमिनियम हेड, दोन सिलिंडर, माप अमुक, चाचणीची भोके दोन, मूळ ठाऊक नाही’ असे बिलावर लिहिणारा दुकानदार आम्हांला ‘शंभर टक्के प्रोटोटाइप’ म्हणणाऱ्यापेक्षा हुशार वाटतो. मालाचा ऐब सांगून सौदा करण्याची आपल्या बाजाराची जुनी रीत आहे, आणि मूळ ठाऊक नसणे हाही एक ऐबच आहे.

आणि हे सारे करणार कोण? दुकानदाराला वेळ नाही, हौशी गिऱ्हाइकाला हात नाही. ज्याने चाळीस वर्षे इंजिने उघडली तो मिस्त्रीच हे करू शकतो. आज त्याला दुकानदार बोलावतो, ‘चाचा, जरा बघा बरे हे काय आहे’ म्हणतो, चहा पाजतो आणि पाठवून देतो. डॉक्टरने नाडी पाहिली तर आपण पैसे देतो, वकिलाने कागद पाहिला तर देतो, मग उस्तादाने अर्धा दिवस घालवून भाग ओळखला तर चहावर भागवणे हा कुठला न्याय? आम्ही तर म्हणू की ओळखीची वेगळी मजुरी ठरवावी, भाग साधा निघाला तरीही द्यावी. साधा निघाल्यावर मजुरी मिळणार नाही असे ठरले, तर प्रत्येक भाग दुर्मिळच निघेल, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मिस्त्रीने मापे, आकडे, धातू, खुणा एका कागदावर लिहून सही करावी. लिहिता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलाने लिहावे. मोबाइलवर छायाचित्र काढताना शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे दूरच्या जाणकारालाही माप कळेल.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम केले, आणि जुन्या गाड्या हळूहळू तिकडे वळत आहेत. प्रदूषणाच्या दृष्टीने ते बरे असेल. पण मोठ्या यंत्रात दाबून चुरा होणाऱ्या गाडीचे इंजिन कोणी उघडून पाहत नाही. आपल्या गल्लीतला कारागीर बोल्ट अन् बोल्ट सोडवून गाडी मोडतो, म्हणून वेगळी वस्तू त्याच्या नजरेला पडते. ही नजर अजून काही वर्षे बाजारात आहे.

शेवटी साफसफाईबद्दल एक सूचना. नवा माल हाती आला की पोरे आधी तारेचा ब्रश आणि सँड ब्लास्टिंग यांच्या मागे लागतात. रंगाचा ठिपका, खडूने लिहिलेला आकडा, डिंकाचा थर, हे सगळे पाच मिनिटांत साफ होते. आताच्या काळातले भाग तर आणखी नाजूक आहेत. त्यांच्यावर लेसरने कोरलेला बारीक ठिपक्यांचा चौकोन असतो, नखाएवढा, आणि भागाची सारी ओळख त्यातच असते. आधी छायाचित्र, मग थोडे डिझेल आणि मऊ कापड. ब्रश लागलाच तर दात घासण्याचा.